ख्रिस्ती निषेधमार्गाचे ग्रंथ कोणत्या क्रमाने वाचावेत: नवख्या वाचकासाठी मार्गदर्शन

देव काय आहे हे सांगता येत नाही, काय नाही एवढेच सांगता येते, असे एखादे वाक्य कुठेतरी वाचनात येते आणि कुतूहल चाळवलेला वाचक थेट डायोनिसियस या प्राचीन ख्रिस्ती लेखकाच्या 'गूढ ईशज्ञान' या ग्रंथाकडे वळतो. ग्रंथ पाचच छोट्या प्रकरणांचा असल्यामुळे तो एका बैठकीत संपतो. त्यात एकामागून एक नकार येत राहतात, आणि पुस्तक मिटल्यावर वाचकाची दोनपैकी एक समजूत झालेली असते: हा लपूनछपून मांडलेला नास्तिकपणा आहे, नाही तर हे सगळे आपल्या उपनिषदांत आधीच सांगून झाले आहे. दोन्ही समजुती चुकीच्या क्रमाने वाचल्यामुळे होतात. या परंपरेत आधी देवाला भरभरून नावे द्यायची असतात, मग ती एकेक करून मागे घ्यायची असतात आणि शेवटी मागे घेण्याची क्रियाही सोडून द्यायची असते. पहिली पायरी गाळली की दुसरी पोकळ होते आणि तिसरीचा तर पत्ताच लागत नाही. पुढील टप्पे त्या दृष्टीने लावले आहेत. लेखात 'विधिमार्ग' म्हणजे देवाविषयी होकारार्थी बोलणे आणि 'निषेधमार्ग' म्हणजे ते बोलणे मागे घेणे, एवढे धरून चालावे.

हाताशी काय असावे

- मराठी बायबल. कोणतीही आवृत्ती चालेल. निर्गम अध्याय 3, 19, 20, 24 आणि 33, स्तोत्र 18 आणि 22, प्रेषितांची कृत्ये अध्याय 17 आणि तीमथ्याला पहिले पत्र अध्याय 6 या ठिकाणी खुणा घालून ठेवाव्यात.
- नीसाच्या ग्रेगरीच्या 'मोशेचे जीवन' या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद. मॅलहर्ब आणि फर्ग्युसन यांचा 1978 चा अनुवाद स्वच्छ आहे.
- डायोनिसियसच्या समग्र लेखनाचा इंग्रजी अनुवाद. कोल्म लुइबहेड यांचा 1987 चा अनुवाद टीपांसह मिळतो. प्रताधिकार संपलेले जुने अनुवाद, म्हणजे जॉन पार्कर यांचा 1897 ते 1899 मधला आणि सी. ई. रोल्ट यांचा 1920 मधला, इंटरनेटवर फुकट वाचता येतात; मात्र त्यातला पार्कर यांचा घेतल्यास टप्पा 3 मधली सूचना आधी वाचावी.
- एक वही. तिच्यात तीन रकाने आखावेत: देवाला दिलेले नाव, ते नाव कशावरून दिले, आणि पुढे ते नाकारताना नेमके काय नाकारले.

ग्रीक येणे आवश्यक नाही. पुस्तके विकत घेणे परवडत नसेल तर ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणाऱ्या संस्थांच्या ग्रंथालयांत विचारणा करावी. पुण्यात ज्ञानदीप विद्यापीठासारख्या अशा संस्था आहेत. बाहेरच्या वाचकांना तिथे काय नियम लागू होतात हे जाण्यापूर्वी फोन करून विचारणे बरे.

टप्पा 1: मोशेबरोबर डोंगर चढावा

या परंपरेतले जवळजवळ सगळे लेखक मोशेची गोष्ट वाचकाला पाठ आहे असे गृहीत धरून लिहितात. त्यामुळे निर्गममधले उल्लेखिलेले अध्याय सलग वाचावेत आणि तीन प्रसंग वेगळे लिहून ठेवावेत. तिसऱ्या अध्यायात देव जळत्या झुडपाच्या उजेडात भेटतो. चोविसाव्या अध्यायात मोशे सीनाय पर्वतावरच्या मेघात शिरतो. विसाव्या अध्यायाच्या 21 व्या वचनात लोक लांब उभे राहतात आणि मोशे एकटा देव होता त्या दाट अंधाराकडे जातो. उजेड, मेघ आणि अंधार या तिन्हींचा चौथ्या शतकापासूनच्या हजार-बाराशे वर्षांच्या ख्रिस्ती लेखनात पुन्हापुन्हा उपयोग झाला आहे. तेहतिसाव्या अध्यायात मोशे देवाचे तेज पाहायला मागतो आणि त्याला फक्त पाठमोरे दर्शन मिळते, तोही प्रसंग सोडू नये.

त्यानंतर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले 6:16 पाहावे. तिथे देव अगम्य प्रकाशात राहतो असे म्हटले आहे, तर स्तोत्र 18 मध्ये त्याने अंधाराला आपले आच्छादन केले आहे. हा विरोध मिटवायच्या मागे लागू नये. डायोनिसियस आपल्या पाचव्या पत्रात अंधार आणि अगम्य प्रकाश यांना एकत्र आणतो: अति तेजामुळे जे दिसत नाही त्यालाच तो अंधार म्हणतो.

टप्पा 2: भांडण कशाचे होते ते समजून घ्यावे

देव अज्ञेय आहे हे मत ख्रिस्ती धर्मशास्त्रात एका वादातून टोकदार झाले. चौथ्या शतकात युनोमियस नावाच्या विचारवंताचा दावा होता की देवाचे सत्त्व 'अजन्मा' या एका शब्दात पुरते कळते, आणि पुत्र, म्हणजे ख्रिस्त, तर जन्मलेला आहे, म्हणून त्याचे सत्त्व पित्याहून वेगळे आहे. त्याला बेसिलने आणि पुढे त्याचा धाकटा भाऊ, नीसाचा ग्रेगरी, याने उत्तर दिले. कोणताही शब्द, अगदी 'अजन्मा' हा नकारार्थी शब्दसुद्धा, देवाच्या सत्त्वाची व्याख्या होऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. थोडक्यात, त्या वादात अज्ञेयतेचा आधार घेऊन ख्रिस्ताचे देवत्व राखले गेले. श्रद्धा पातळ करण्यासाठी तो कोणी घेतला नव्हता. एवढे ध्यानात राहिले तर नास्तिकपणाचा संशय बराचसा इथेच फिटतो.

आता 'मोशेचे जीवन' वाचावे. पहिल्या भागात फक्त कथा सांगितली आहे, ती भरभर वाचली तरी चालते. खरा ऐवज दुसऱ्या भागात आहे. ग्रेगरीच्या मांडणीत मोशे उजेडाकडून अंधाराकडे जातो, आणि न पाहण्यातच इथले पाहणे आहे असे तो म्हणतो. देवाविषयी बुद्धीने तयार केलेली प्रत्येक कल्पना मूर्ती होऊन बसते, असेही तो सांगतो. पाठमोऱ्या दर्शनाचा त्याने लावलेला अर्थ मला या ग्रंथातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. जो मागून चालतो त्याला पुढच्याची पाठच दिसणार, म्हणून देवाच्या मागे चालत राहणे हेच त्याला पाहणे होय. या चालण्याला अंत नाही, कारण ज्याच्या मागे जायचे त्यालाच अंत नाही.

टप्पा 3: डायोनिसियस कोण, हे आधी स्पष्ट करून घ्यावे

प्रेषितांची कृत्ये अध्याय 17 मध्ये पौल अथेन्सला 'अज्ञात देवाला' अर्पण केलेल्या वेदीवरून भाषण करतो, आणि ते ऐकून विश्वास ठेवणाऱ्यांत एका डायोनिसियसचे नाव येते. मराठी बायबलात हे नाव वेगळ्या वळणाने लिहिलेले आढळेल. आपण वाचणार असलेले ग्रंथ लिहिणाऱ्याने हेच नाव धारण केले, पत्रे पौलाच्या काळातल्या माणसांना लिहिली आणि ख्रिस्ताच्या क्रुसावरील मृत्यूच्या वेळचे ग्रहण आपण स्वतः पाहिले असेही सातव्या पत्रात नोंदवले. प्रत्यक्षात तो पाचव्या शतकाच्या अखेरीचा किंवा सहाव्या शतकाच्या आरंभीचा, बहुधा सीरियातला लेखक असावा. त्याच्या विचारांवर 485 मध्ये वारलेल्या प्रोक्लस या नवप्लेटोवादी (प्लेटोच्या विचाराच्या उत्तरकालीन परंपरेतल्या) तत्त्वज्ञाची दाट छाया आहे. 532 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे झालेल्या धर्मचर्चेत या ग्रंथांचा आधार पुढे आला, तेव्हा एफेससचा बिशप हायपेशियस याने लगेच शंका घेतली होती, पण ती मागे पडली आणि शेकडो वर्षे या लेखनाला प्रेषितांच्या शिष्याचा मान मिळत राहिला. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्ला याने पुन्हा प्रश्न उभा केला. 1895 मध्ये कोख आणि स्टिग्लमायर या दोन अभ्यासकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्रोक्लसशी असलेला संबंध मजकुरातून दाखवून दिला.

इथे दोन खड्डे आहेत. पार्कर यांना लेखक खरोखर पहिल्या शतकातला वाटत होता, त्यामुळे त्यांचा अनुवाद वापरला तरी प्रस्तावना आणि टीपांवर विसंबू नये. दुसरा खड्डा उलट बाजूचा: नाव खोटे, म्हणून ग्रंथही टाकाऊ, असे ठरवणे. ज्या अज्ञात देवाविषयी पौल बोलला त्याच्याविषयी लिहिताना लेखकाने स्वतःलाही अज्ञात ठेवले, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तो मान्य करायलाच हवा असे नाही, पण ग्रंथाची किंमत लेखकाच्या जन्मदाखल्यावर ठरत नाही.

टप्पा 4: आधी नावे, भरपूर नावे

'गूढ ईशज्ञान' अजून उघडू नये. त्याआधी त्याच लेखकाचा 'देवाची नावे' हा तेरा प्रकरणांचा ग्रंथ आहे. सगळा नाही झाला तरी पहिले, चौथे, पाचवे आणि शेवटचे प्रकरण वाचावेच. चौथ्यात 'चांगुलपणा' हे नाव आहे आणि त्याबरोबर प्रकाश, सौंदर्य आणि प्रेम येतात. पाचव्यात 'अस्तित्व', शेवटच्यात 'परिपूर्ण' आणि 'एक'. वहीचे पहिले दोन रकाने इथे भरले जातात. देवाला चांगला का म्हणायचे, तर सगळा चांगुलपणा त्याच्यापासून येतो म्हणून. नावे कारणावरून दिलेली आहेत, हे प्रत्येक वेळी नोंदवावे.

मराठी वाचकासाठी एक सराव सुचवतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच्या स्तवनाच्या ओव्या घ्याव्यात आणि त्यातली देवाची नावे वहीत उतरवावीत. 'विश्वभरिता', 'सर्वसमर्था', 'कृपानिधी', 'करुणाकरू' ही नावे एका बाजूला जातील. 'अदृष्टु', 'अव्यक्तु', 'निर्विकारु' ही दुसऱ्या बाजूला. सुखाचा सागर म्हटल्यानंतर लगेच 'आदि अंतु नातुडे' असे येते, म्हणजे नाव देता देताच ते हातातून सुटते. हे पुराण डायोनिसियसवरून लिहिले आहे असा दावा मी करीत नाही. विधी आणि निषेध एकाच प्रार्थनेत शेजारी कसे नांदतात हे ओळखीच्या भाषेत, ओवीच्या चालीवर कानाला कळावे, एवढाच हेतू.

याच टप्प्यावर 'स्वर्गीय श्रेणीव्यवस्था' या ग्रंथाचे दुसरे प्रकरण वाचावे. तिथे लेखक एक अनपेक्षित मुद्दा मांडतो: शास्त्रात देवासाठी आलेल्या क्षुद्र प्रतिमा उदात्त प्रतिमांपेक्षा सुरक्षित असतात. स्तोत्र 22 मधला 'किडा' हे त्याचे उदाहरण. देव प्रकाश आहे म्हटले तर वाचकाला ते खरेच वाटून तो तिथेच थांबण्याचा धोका असतो. देव किडा आहे असे मानून मात्र कोणी थांबत नाही.

टप्पा 5: 'गूढ ईशज्ञान', आता सावकाश

हा ग्रंथ मोठ्याने वाचावा आणि दिवसाला एका प्रकरणापेक्षा जास्त वाचू नये.

पहिले प्रकरण पवित्र त्रैक्याला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाला, केलेल्या प्रार्थनेने उघडते. निषेधाची सुरुवात प्रार्थनेत होते, युक्तिवादात होत नाही. पुढे लेखक तीमथ्याला सांगतो की इथले नकार म्हणजे होकारांच्या विरुद्ध टोकाची विधाने नव्हेत. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावे. प्रकरणाच्या शेवटी मोशे पुन्हा भेटतो, आणि डोंगराच्या माथ्यावरही त्याला देव दिसत नाही, देव असतो ती जागा दिसते. दुसऱ्या प्रकरणात शिल्पकार दगडातून नको तेवढे काढत जातो आणि लपलेले रूप उघडे होते, असा दृष्टान्त आहे.

तिसऱ्या प्रकरणात हिशेब सांगितला आहे. वरून खाली येताना शब्द वाढत जातात, खालून वर चढताना आटत जातात, आणि माथ्यावर बोलणेच संपते. पण कुठलाही नकार कुठूनही सुरू करायचा नाही. देव हवा किंवा दगड आहे यापेक्षा देव जीवन आणि चांगुलपणा आहे हे म्हणणे अधिक योग्य आहेच. म्हणून नाकारताना जे सर्वांत दूरचे आहे ते आधी नाकारायचे. देव मद्यधुंद होत नाही, क्रोधाने बेभान होत नाही, हे नाकारणे जास्त खरे आहे. होकारांची उतरंड तशीच राहते आणि नकार तिच्याच पायऱ्यांवरून चढतात.

चौथ्या आणि पाचव्या प्रकरणासाठी तिसरा रकाना हवा. चौथ्याचे पहिलेच वाक्य बहुतेकांच्या नजरेतून निसटते. सर्वांचे कारण असलेला तो अस्तित्वहीन नाही, निर्जीव नाही, वाणीहीन नाही, बुद्धिहीन नाही, असे लेखक आधी म्हणतो. म्हणजे सगळ्यात पहिला नकार उणिवेचा आहे. त्यानंतर शरीर, आकार, वजन, जागा या दृश्य गोष्टी एकेक जातात. पाचव्यात बुद्धीने कळणाऱ्या गोष्टी जातात: तो आत्मा नाही, मन नाही, संख्या नाही, क्रम नाही, जीवन नाही, काळ नाही, सत्य नाही, राजेपण नाही, एक नाही, देवत्व नाही, चांगुलपणा नाही. पुत्रपण आणि पितृपण आपल्याला जसे कळते तसे तेही नाही. 'देवाची नावे'च्या चौथ्या प्रकरणापासून जे जे वहीत लिहिले होते त्यातले बरेच इथे पुसले जाताना दिसेल, आणि पहिले रकाने कोरे असते तर पुसायला काय होते, हेही तेव्हाच कळेल. अखेरीस तो अंधार नाही आणि प्रकाशही नाही, असत्य नाही आणि सत्यही नाही. तो प्रत्येक होकाराच्या पलीकडे आहे आणि प्रत्येक नकाराच्याही पलीकडे. इथे नकारालाही रजा मिळते. वाचक नकारालाच अंतिम ज्ञान मानून त्यावर ठाण मांडून बसला असेल तर त्याचीही जागा जाते.

एक सावधगिरी. 'गूढ' या शब्दावरून अंगावर रोमांच, दर्शने, समाधी असले काही शोधू नये. डायोनिसियसच्या लेखनात गूढ म्हणजे शास्त्रवचनांत आणि उपासनाविधींत दडलेले. त्याने 'धर्मसभेची श्रेणीव्यवस्था' नावाचा एक संपूर्ण ग्रंथ बाप्तिस्मा, पवित्र मिस्सा अशा संस्कारांवर लिहिला आहे, आणि जो वाचक हा ग्रंथ चाळतही नाही त्याच्या मनात एकांतात डोळे मिटून बसलेल्या योग्याचे चित्र तयार होते, जे या मजकुराला मुळीच जुळत नाही.

टप्पा 6: 'नेति नेति'शी तुलना, पण घाईने नको

मराठी वाचकाला बृहदारण्यक उपनिषद आठवणार, हे ठरलेलेच आहे, आणि आठवावे. बारकाईने केलेली तुलना दोन्ही बाजूंना उजळते. अडचण 'दोन्ही एकच' या निष्कर्षाने होते, कारण तिथे वाचन थांबते. अद्वैती वाचनात नकाराने उपाधी गळून पडतात आणि उरते ते आत्म्याहून वेगळे नसते. डायोनिसियसकडे ऐक्याची भाषा आहे, पण निर्माता आणि निर्मिती यांच्यातले अंतर मिटत नाही. 1215 च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या धर्मसभेने, हे नेमक्या शब्दांत सांगितले: निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवले तरी त्याहून मोठे वैधर्म्य दाखवावेच लागते. तुलना लिहायचीच असेल तर वहीच्या मागच्या पानांवर, टप्पा 5 झाल्यानंतर लिहावी.

टप्पा 7: थॉमस ॲक्वायनसकडे एक फेरी

कोरडा वाटला तरी हा टप्पा वगळू नये. ॲक्वायनस या तेराव्या शतकातल्या धर्मशास्त्रज्ञाच्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथाच्या पहिल्या भागातला तिसरा प्रश्न देव काय नाही याचाच शोध घेतो. पण तेराव्या प्रश्नाच्या दुसऱ्या कलमात तो यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीसशी असहमत होतो. 'देव जिवंत आहे' याचा अर्थ 'देव निर्जीव नाही' एवढाच, असे मायमोनिडीसचे मत होते. ॲक्वायनसच्या मते प्रार्थना करणाऱ्याला त्याहून अधिक काही म्हणायचे असते. नाव खरे असते, पण ते देवाला कसे लागू होते ती रीत आपल्या आवाक्याबाहेर असते. तिसऱ्या रकान्यात काय लिहावे असा गोंधळ झाला असेल तर या कलमाने तो सुटतो.

टप्पा 8: पुढची वाट निवडावी

सगळ्या वाटा एकाच वेळी धरू नयेत.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, लेखकाचे नाव नसलेला इंग्रजी ग्रंथ 'द क्लाउड ऑफ अननोइंग' प्रत्यक्ष प्रार्थनेत रस असणाऱ्यासाठी उत्तम. पंचाहत्तर छोटी प्रकरणे आहेत. विचाराने देव कधीच हाती लागत नाही, प्रेमाने लागतो, असे तो म्हणतो, आणि 'गॉड' किंवा 'लव्ह' असा एकच लहान शब्द धरायला सांगतो. डायोनिसियसच्या छोट्या ग्रंथात प्रेमाला अशी वेगळी जागा नाही, हा फरक टिपून ठेवावा. त्रेपन्नावे प्रकरण तर वाचावेच: भक्तीच्या नावाखाली मार लागलेल्या मेंढरासारखे डोळे वटारणारे, कानात किडा गेल्यासारखी मान वाकडी करणारे, बोलायचे सोडून चिरका आवाज काढणारे यांची तिथे यथेच्छ टिंगल आहे.

माइस्टर एकहार्ट हा जर्मन प्रवचनकार नवख्याने शेवटी घ्यावा. 'देवाने मला देवापासून मुक्त करावे' हे त्याच्या दारिद्र्यावरील प्रवचनातले वाक्य संदर्भाशिवाय फिरते आणि त्याच्या नावावर खपवलेली इतर वाक्येही पुष्कळ आहेत, त्यामुळे प्रवचन क्रमांक दिलेला नसेल तर विश्वास ठेवू नये. पोप योहान बावीसावा याच्या 27 मार्च 1329 च्या फर्मानात त्याची अठ्ठावीस विधाने दोषी ठरली होती. तोवर एकहार्ट वारला होता.

करून पाहण्याची आवड असेल त्याने कूसाच्या निकोलसचे 'देवाचे पाहणे' घ्यावे. 1453 मध्ये त्याने टेगर्नझेच्या मठवासीयांना या ग्रंथाबरोबर एक चित्र पाठवले होते, ज्यातली नजर पाहणाऱ्या प्रत्येकावर रोखलेली वाटते. ते उत्तरेच्या भिंतीवर लावून दोघांनी विरुद्ध दिशांनी चालावे आणि नजर आपल्याबरोबर येते की नाही ते एकमेकांना विचारावे, असे त्याने लिहिले आहे. अशी नजर असलेले कोणतेही चित्र घरी चालते.

क्रुसाचा योहान हा सोळाव्या शतकातला स्पॅनिश कवी वाचताना आधी कविता वाचावी, मग त्याने स्वतः लिहिलेले भाष्य. 'अंधारी रात्र' हा शब्दप्रयोग हल्ली कोणत्याही दुःखाला किंवा नैराश्याला लावला जातो. योहानाच्या ग्रंथात तिची ओळखण्याची लक्षणे दिलेली आहेत आणि मन खिन्न असणे एवढ्यावर तो ती मान्य करीत नाही. ज्याला खरोखर नैराश्याचा त्रास आहे त्याने या ग्रंथाऐवजी डॉक्टरांकडे जावे.

पूर्वेकडची, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेची, वाट धरायची असेल तर चौदाव्या शतकातला ग्रेगरी पालामास. देवाचे सत्त्व अगम्य, पण त्याच्या क्रियांत सहभागी होता येते, ही त्याची मांडणी कॉन्स्टँटिनोपलच्या 1341 आणि 1351 च्या परिषदांनी उचलून धरली. त्याचा प्रतिस्पर्धी बार्लाम हाही डायोनिसियसचाच आधार घेत होता, म्हणून हा वाद वाचताना 'गूढ ईशज्ञान' आणि ती वही शेजारी उघडी ठेवावी लागते.